‘कुठला कुपा?’ असं विचारणारे सीएचए : अडीच वर्षांचा अनुभव

सहारच्या एअर कार्गोपासून रिक्षाने दहा मिनिटांवर, एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आमच्या सीएचएचं, म्हणजे कस्टम्सची कामं करून देणाऱ्या कस्टम हाउस एजंटचं, ऑफिस आहे. दोन खोल्या, चार टेबलं, कपाटावर छतापर्यंत रचलेल्या फायली. मालक साठीच्या पुढचे आहेत. त्यांच्याकडची मुलं त्यांना काका म्हणतात, म्हणून मीही काकाच म्हणते. ऑफिसचं नाव देत नाही, कारण लिहिण्याआधी त्यांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, “ताई, आहेत ती गिऱ्हाइकं नीट सांभाळू दे. नाव नको.” तरीही लिहिते आहे. ताजी मासळी विमानाने पाठवणारे माझ्या ओळखीचे बहुतेक लोक सीएचए निवडताना ‘एका शिपिंग बिलाचे (म्हणजे कस्टम्सला द्यायच्या निर्यातीच्या अर्जाचे) किती घेता’ एवढंच विचारतात. मीही तेच केलं होतं.

आम्ही रत्नागिरीकडचे. बाबांची गिलनेटची होडी होती. आता मोठा भाऊ मिरकरवाड्याला लिलावात खरेदी करतो आणि मी मुंबईत राहून गिऱ्हाईक, कागद आणि पैसे बघते. माल रात्रीच्या गाडीने तळोज्याला येतो. तिथल्या एका मान्यताप्राप्त युनिटमध्ये आम्ही पैसे देऊन धुणं, बर्फ लावणं आणि पॅकिंग करून घेतो, आणि तिथून पेट्या थेट सहारला जातात. आठवड्याला एक लॉट, कधी दोन. सुरमई, हलवा आणि कुपा, म्हणजे ट्यूना. आखातातली दोन गिऱ्हाइकं कुपा अख्खा मागतात, कारण कापून कसा विकायचा ते त्यांचं त्यांना ठरवायचं असतं.

काकांना पहिला फोन केला तेव्हा मी नेहमीचं वाक्य म्हटलं, “ताजा ट्यूना, होल, साधारण चारशे किलो, दर शुक्रवारी.” पलीकडून दर आला नाही. प्रश्न आला, “कुठला कुपा?”

तीन वर्षं मी हा धंदा करत होते आणि हे मला कुणीही विचारलं नव्हतं.

त्याआधी काय झालं होतं ते सांगायला हवं, नाहीतर या प्रश्नाची किंमत कळणार नाही. आधीच्या एजन्सीचं नाव घेणार नाही. त्यांच्या यंत्रणेत आमच्या नावापुढे मालाच्या वर्गीकरणाचा एकच कोड साठवलेला होता, ०३०२ ३२ ००. आमची अगदी पहिली शिपमेंट खरोखरच यलोफिन या जातीच्या कुप्याची होती आणि तो कोड तिच्यासाठी बरोबर होता. पुढे दर वेळी तोच उतरत गेला. आमच्या इनव्हॉइसवरही ‘फ्रेश होल ट्यूना’ एवढंच असायचं. बंदरावर कुपा म्हणजे कुपा. फार तर कुणी गेदर म्हणेल. आकाराप्रमाणे भाव ठरतो, जातीची कुणी चौकशी करत नाही.

एका नोव्हेंबरात २४ पेट्या गेल्या, ३८४ किलो. त्यात यलोफिन २१० किलो होता, १३२ किलो लांब शेपटीचा कुपा म्हणजे लाँगटेल, आणि वर ४२ किलो बारका, पाठीवर नागमोडी पट्टे असलेला. इंग्रजीत त्याला कावाकावा म्हणतात. कागदावर सगळं यलोफिन. पलीकडच्या विमानतळावर तपासणीसाठी तीन पेट्या उघडल्या आणि तिसऱ्या पेटीत पट्टेवाला निघाला. लेबल एक, मासा दुसरा. लॉट अडकला. दोन दिवस आमचं गिऱ्हाईक खुलासे देत होतं आणि मी इकडे फोनवर बसले होते.

इतर मालाला दोन दिवस म्हणजे गोदामाचं भाडं. कुप्याला दोन दिवस म्हणजे सगळंच. या माशाच्या मांसात हिस्टिडिन भरपूर असतं. थंडावा कमी पडला की जिवाणू त्याचं हिस्टामाइन करतात, आणि ते एकदा तयार झालं की शिजवूनही जात नाही, परत बर्फात घालूनही जात नाही. युरोपात एका लॉटचे नऊ नमुने घेतात. त्यांची सरासरी किलोला १०० मिलिग्रॅमच्या आत हवी आणि एकही नमुना २०० च्या वर चालत नाही. आमचा माल शेवटी सुटला, खराबही निघाला नव्हता, पण लाल रंग उतरून तपकिरी झाला होता. गिऱ्हाइकाने निम्म्या भावात घेतला. त्याचं चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही.

एजन्सीला विचारलं तर उत्तर आलं, “मॅडम, तुम्ही चेकलिस्टला ओके दिलं होतं.” खरं आहे, दिलं होतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते : शिपिंग बिल कस्टम्सच्या आइसगेट प्रणालीत दाखल करण्याआधी सीएचए त्याचा कच्चा मसुदा आपल्याला पाठवतो, त्याला चेकलिस्ट म्हणतात. ती मला रात्री साडेअकराला यायची आणि सोबत ‘लवकर ओके करा, कट-ऑफ आहे’ असा मेसेज. कट-ऑफ म्हणजे विमानासाठी माल स्वीकारायची शेवटची वेळ. मी वजन, पेट्यांची संख्या आणि रक्कम बघायची. आठ आकड्यांचा कोड बघून मला काहीच कळत नव्हतं आणि तो समजावून सांगणं हे आपलं काम आहे असं त्यांना वाटत नव्हतं. वास्तविक कस्टम्स ब्रोकर्स लायसेन्सिंग रेग्युलेशन्स, २०१८ मध्ये गिऱ्हाइकाला कायदा पाळण्याबाबत सल्ला देणं आणि आपण देत असलेल्या माहितीच्या बरोबरपणाची पुरेशी काळजी घेणं ही ब्रोकरची, म्हणजे सीएचएची, जबाबदारी म्हणून स्पष्ट लिहिलेली आहे. हे मला काकांनी दाखवलं, त्यांच्या स्वतःच्या परवान्याशेजारी ठेवलेल्या प्रतीत.

काकांकडे पहिल्या भेटीत दीड तास गेला आणि त्याचे त्यांनी पैसे घेतले नाहीत. एका पाठकोऱ्या कागदावर त्यांनी उभी रेघ मारली आणि वरून खाली आकडे लिहीत गेले. ०३ म्हणजे मासे आणि जलचरांचा अध्याय. ०३०१ जिवंत मासा. ०३०२ ताजा किंवा थंड केलेला. ०३०३ गोठवलेला. ०३०४ फिले आणि काटा काढलेलं मांस. ०३०५ सुकवलेला, खारवलेला, धुरी दिलेला. डब्यात गेला की हा अध्यायच सुटतो आणि १६०४ येतो. पहिले सहा आकडे जगभर सारखे असतात, कारण ते ब्रुसेल्सच्या जागतिक सीमाशुल्क संघटनेने ठरवलेले आहेत आणि ही पद्धत १९८८ पासून लागू आहे. पुढचे दोन आकडे भारताचे.

मग ०३०२ च्या पोटात ट्यूना. ०३०२.३१ अल्बाकोर, ३२ यलोफिन, ३३ स्किपजॅक, ३४ बिगआय, ३५ अटलांटिक आणि पॅसिफिक ब्लूफिन, ३६ दक्षिणेकडचा ब्लूफिन, आणि ३९ म्हणजे ‘इतर’. आमचा लाँगटेल, शास्त्रीय नाव थुन्नस टॉन्गॉल, या ‘इतर’मध्ये बसतो. वंश थुन्नस आहे म्हणून ट्यूनाच्या गटात, पण स्वतःचं घर नाही. आपल्या आणि गुजरातच्या किनाऱ्यावर एवढा मिळणारा मासा, त्याला ‘इतर’ म्हणून बोळवलेलं बघून मला जरा लागलंच.

खरा धक्का पट्टेवाल्याचा. प्राणिशास्त्रात तो ट्यूनाच्याच कुळातला. युथिनस अफिनिस. पण सीमाशुल्काच्या भाषेत ट्यूना म्हणजे फक्त थुन्नस वंशातले मासे आणि त्यांच्या जोडीला स्किपजॅक. युथिनस त्यात येत नाही. या कोडच्या यादीच्या २०१७ च्या आवृत्तीपासून कावाकावाचं नाव दुसऱ्या गटात घातलं आहे, आणि ताजा असेल तर तो ०३०२.४९ मध्ये जातो. त्या गटात शेजारी कोण आहे बघा : बांगडा, सुरमई आणि पापलेट. म्हणजे आमच्या बारक्या कुप्याला कस्टम्सने मोठ्या कुप्याच्या पंगतीतून उठवून बांगड्याच्या ताटात वाढलं आहे. मच्छी बाजारात बसणाऱ्या माझ्या आत्याला हे सांगितलं तर ती म्हणाली, “बरोबरच आहे, भाव पण त्याचा बांगड्याशीच जुळतो.”

काका म्हणाले, यात बरोबर-चूक आपल्या मताने ठरत नाही. वर्गीकरणाचे सहा सर्वसाधारण नियम आहेत आणि पहिलाच नियम सांगतो की शीर्षकात आणि टिपांमध्ये जे शब्द लिहिले आहेत ते धरून चालायचं. बाजारातलं नाव, पुस्तकातलं कूळ, गिऱ्हाइकाची सवय, हे सगळं त्यानंतर. सहाव्या नियमाने हीच शिस्त खालच्या आकड्यांना लागते. ‘ट्यूना’ या शब्दापुढे कंसात वंशाचं नाव लिहिलं असेल तर तो कंसच कायदा.

आता त्यांच्या कामाच्या पद्धतीकडे येते.

दर लॉटला काका चार प्रकारचे फोटो मागतात, आणि ते पोट साफ करण्याआधीचे. अख्खा मासा डाव्या कुशीवर. पोटाची बाजू जवळून. पाठीवरचा दुसरा पर. शेपटीकडचे छोटे पर. सुरुवातीला मला हा अतिरेक वाटला. चौथ्या-पाचव्या लॉटपर्यंत कारण उमगलं. मोठ्या यलोफिनचा दुसरा पर आणि खालचा पर विळ्यासारखे लांब वाढतात. लाँगटेल सडपातळ असतो आणि पोटावर आडव्या रांगांत फिकट लांबट ठिपके दिसतात. पट्टेवाल्याच्या पाठीवर मागच्या बाजूला तिरक्या नागमोडी रेघा असतात आणि छातीच्या पराखाली चार-दोन काळे डाग. स्किपजॅकच्या पोटावर शेपटीकडे जाणारे चार ते सहा गडद पट्टे. आख्ख्या माशात हे दोन मिनिटांत दिसतं. डोकं उडवलं, पर छाटले, की गुलाबी-लाल मांसाचा ठोकळा उरतो आणि भले भले गोंधळतात. लहान यलोफिन आणि लहान बिगआय यांच्यात तर काळीज, म्हणजे यकृत, बघावं लागतं. बिगआयच्या काळजाच्या कडेला बारीक शिरांच्या रेघा असतात, यलोफिनचं गुळगुळीत असतं. आतडी काढताना काळीज टाकलं की तो पुरावा कचऱ्यात गेला.

फोटोंचं दुसरं कारण कायद्यातलं आहे. शिपिंग बिलात चूक राहिली तर कस्टम्स ॲक्ट, १९६२ च्या कलम १४९ खाली दुरुस्ती मागता येते. पण माल निर्यात होऊन गेल्यावर ती दुरुस्ती फक्त अशा कागदांच्या आधारे मिळते जे निर्यातीच्या वेळी अस्तित्वात होते. नंतर कुणाकडून पत्र आणून चालत नाही. माझ्या जुन्या बिलांपैकी काहींची दुरुस्ती काकांनी मिळवून दिली, कारण दादाची सवय : तो लिलावाच्या चिठ्ठीवर कुप्याचा प्रकार खुणेने लिहायचा. लांब शेपटीला एक रेघ, पट्टेवाल्याला दोन. त्या मळक्या, बर्फाच्या पाण्याने पसरलेल्या चिठ्ठ्या काकांनी तारखेवार लावल्या, खुणांचा खुलासा दादाच्या सहीने जोडला आणि अर्ज केला. बाकीची बिलं तशीच राहिली, त्यांना काही आधार नव्हता. ही दुरुस्ती करा असं त्यांनीच सांगितलं, मी मागितली नव्हती. रोडटेपसारखा निर्यातीवरचा सरकारी परतावा आठ आकडी कोडवर चालतो आणि उद्या कुणी जुनी बिलं काढली तर उत्तर तुम्हाला द्यावं लागेल, असं म्हणाले.

चेकलिस्ट आता मला दुपारी चारच्या आत येते. तीन प्रकारचा मासा असेल तर तीन ओळी, प्रत्येकीला वेगळं वजन, वेगळी पेटी-संख्या, वेगळा कोड आणि शास्त्रीय नाव. तेच नाव इनव्हॉइसवर, पॅकिंग लिस्टवर, आरोग्य प्रमाणपत्रावर, मूळ देशाच्या प्रमाणपत्रावर आणि पेटीच्या लेबलवर. काकांकडची एक मुलगी, जी-कार्डची, म्हणजे सीएचएकडच्या कर्मचाऱ्यांसाठी असलेली, परीक्षा पास झालेली, हे सगळे कागद टेबलावर आडवे पसरून बोट फिरवत अक्षर न् अक्षर जुळवते. एकदा आरोग्य प्रमाणपत्रावर यलोफिनच्या ‘अल्बाकारेस’चं ‘अलालुंगा’ झालं होतं. ते अल्बाकोरचं नाव. तिने पकडलं. तळोज्यात, माझ्याकडे, कुठेही कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. त्या मुलीचं मनापासून कौतुक.

गेल्या फेब्रुवारीतली गोष्ट मला विशेष सांगायची आहे. विमान कंपन्या गळणारा बर्फ घेत नाहीत, म्हणून पेटीत जेल पॅक असतात, तळाला पाणी शोषणारा कागद, आणि सगळं थर्माकोलमध्ये. त्या दिवशी युनिटने जेल पॅक फार गोठवून लावले होते. तपासणीत पेटी उघडली तर वरच्या माशाची कातडी कडक, वर पांढरा कण. अधिकाऱ्याने बोटाने दाबून पाहिलं आणि रास्त प्रश्न विचारला : हा तर गोठवलेला मासा आहे, मग ०३०२ कसा? ०३०३ हवा. मी तिथे नव्हते, मला फोन आला आणि माझे हातपाय गळाले. गोठवलेला ठरला असता तर कोड बदलला असता, आरोग्य प्रमाणपत्र खोटं ठरलं असतं आणि माल परत आला असता.

काकांनी वाद घातला नाही. खिशातून टोचायचा थर्मामीटर काढला आणि अधिकाऱ्यालाच मासा निवडायला सांगितलं. मणक्याजवळ टोचला. उणे ०.७. दुसरा मासा, उणे ०.४. मग फाइलीतून व्याख्या काढून दाखवली : थंड केलेला म्हणजे तापमान साधारण शून्य अंशाच्या आसपास उतरवलेला, पण गोठलेला नाही, गोठवलेला म्हणजे आपल्या गोठणबिंदूखाली नेऊन आतपर्यंत पूर्ण गोठवलेला. कातडी कडक झाली म्हणून मासा ०३०३ होत नाही. अधिकाऱ्याने दोन्ही आकडे लिहून घेतले आणि लेट एक्स्पोर्ट ऑर्डर, म्हणजे माल बाहेर पाठवायची परवानगी, दिली. मालाने विमान पकडलं. दुसऱ्या दिवशी काकांनी युनिटच्या सुपरवायझरला फोन करून जेल पॅक आणि मासा यांच्यात पुठ्ठा घालायला सांगितलं. आजही घालतात.

गिऱ्हाइकांच्या मागण्यांबाबतही त्यांचा सल्ला कामी आला. आमचं एक गिऱ्हाईक म्हणालं, डोक्याचं आणि हाडाचं विमानभाडं मी का भरू, लॉइन, म्हणजे हाडापासून सोडवलेलं मांस, काढून पाठवा. हिशेब बिनचूक होता, भाडं वजनावर असतं. काकांनी समजावलं की कुठे काय बदलतं. कल्ले आणि आतडी काढा, ०३०२ च. डोकं काढा, तरी ०३०२. आडवे तुकडे करा आणि त्यात मधलं हाड असेल, तरीही ०३०२. पण सुरी काट्याच्या बाजूने गेली आणि मांस हाडापासून सुटलं की ०३०४. गंमत म्हणजे गोठवलेल्या ट्यूनाच्या फिलेला ०३०४.८७ असं स्वतःचं घर आहे, पण ताज्या ट्यूनाच्या फिलेला सहा आकड्यांत वेगळं घर नाही, तो ०३०४.४९ मध्ये बाकीच्या माशांबरोबर जातो. वर, लॉइन काढायचं तर युनिटची त्या प्रक्रियेसाठी मान्यता लागते, आमच्या युनिटला ती नव्हती. आम्ही मधला मार्ग घेतला, डोकं काढून पाठवू लागलो. म्हणून फोटो डोकं काढण्याआधीचेच.

स्पेनमधून एक चौकशी आली होती. त्यावर काकांनी अर्ध्या तासात लिहून दिलं की युरोपात ताज्या यलोफिनचे दोन भाग पडतात : डबाबंद उद्योगासाठी असेल तर शुल्क नाही, नाहीतर मूळ दर २२ टक्के. मासा तोच, वजन तेच, तो कुठल्या दारातून आत जाणार त्यावर दर. शिवाय २०१० पासून युरोपला मासेमारीचं प्रमाणपत्र लागतं, आपल्याकडे ते एम्पेडा, म्हणजे सागरी उत्पादन निर्यात विकास प्राधिकरण, देते. आमच्या आवाक्यातलं नव्हतं, सोडून दिलं. पण भाव सांगून फसण्याआधी कळलं.

आता तक्रारी. आहेत.

पहिली, फी. आधीच्या एजन्सीच्या जवळपास दुप्पट. दोन-चारशे किलोच्या लॉटला ती जाणवते. मोठे लॉट पाठवणाऱ्यांना कदाचित काही वाटणार नाही.

दुसरी, फोन. दुपारी एक ते अडीच काका फोन उचलत नाहीत आणि त्या वेळात ऑफिसमधलं दुसरं कुणी निर्णय घेत नाही. गाडी पनवेलला अडकली असेल तर तो दीड तास जीव टांगणीला लागतो. याबद्दल मी तीनदा बोलले आहे.

तिसरी तक्रार जड आहे. मागच्या डिसेंबरात एका लॉटचे फोटो काढायचे राहिले. युनिटमध्ये नवा माणूस होता, त्याने डोकी उडवून, पर छाटून पेट्या भरल्या. २९० किलो. दादाची चिठ्ठी होती, त्यावर यलोफिन लिहिलं होतं. काका म्हणाले, चिठ्ठी पुरेशी नाही, त्यात लाँगटेल मिसळला असण्याची शक्यता आहे, पेट्या उघडून दाखवा. उघडेपर्यंत कट-ऑफ गेला. माल ससून डॉकला विकला, मिळेल त्या भावात. मी फोनवर फार बोलले त्यांना, आवाज चढवून. पेट्या उघडल्या तेव्हा तीन मासे लाँगटेल निघाले, लांबट बांधा आणि उरलेल्या कातडीवरचे फिकट ठिपके यांवरून ओळखले. तीन. २९० किलोंत फार तर २० किलो. तरीही मला आजही वाटतं की शंका आल्याबरोबर त्यांनी मला दुपारी कळवायला हवं होतं, संध्याकाळी सहाला नव्हे. न दाखवलेल्या माशावर सही न करणं हा त्यांचा हक्क मला मान्य आहे. उशीर मान्य नाही. हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलं आहे आणि त्यानंतर त्यांनी नियम केला : दुपारी दोनपर्यंत फोटो आले नाहीत तर ऑफिसमधूनच फोन येतो.

चौथी बारीक आहे. त्यांची माहितीपत्रकं सगळी इंग्रजीत. युनिटमधल्या बायकांना, बंदरावरच्या पोरांना त्याचा उपयोग नाही. मग मीच एक पान मराठीत केलं : चार माशांची रेखाचित्रं, प्रत्येकाखाली आपलं नाव, शास्त्रीय नाव देवनागरीत, आणि सहा आकडे. ते काकांनी तपासून दिलं. लाँगटेलच्या चित्रात मी पर चुकीच्या जागी काढला होता, तोही दुरुस्त केला. ते पान आता तळोज्याच्या पॅकिंग टेबलावर आणि मिरकरवाड्यात दादाच्या बर्फाच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलेलं आहे, प्लास्टिकमध्ये घालून.

त्या पानावरून एक आठवलं. ओमानचे मच्छीमार यलोफिनला ‘जैधर’ म्हणतात, हे आमच्या गिऱ्हाइकाने सांगितलं. मला ऐकताक्षणी आमचा गेदर आठवला. एकाच समुद्राच्या दोन कडांवरची माणसं. काकांना सांगितलं तर त्यांनी शांतपणे विचारलं, “इनव्हॉइसवर काय लिहिताय?” मी म्हटलं, थुन्नस अल्बाकारेस. “मग ठीक.”

त्यांची सेवा कुणासाठी आहे? ज्यांचा माल मिश्र असतो, छोट्या होड्यांचा असतो, लॉट दर वेळी वेगळा असतो, त्यांच्यासाठी फी वसूल आहे असं मी छातीठोकपणे सांगेन. ज्यांचा एकच मासा, एकच आकार, वर्षभर तेच गिऱ्हाईक, त्यांना एवढी छाननी नको वाटेल. पण त्यांनीही आपल्या सीएचएला एकदा विचारून पाहावं की माझा कोड कुठून आला. ‘मागच्या वेळी हाच होता’ हे उत्तर आलं तर काळजी करा. शिवाय या कोडच्या यादीची पुढची आवृत्ती १ जानेवारी २०२८ पासून लागू होणार आहे. पाच-सहा वर्षांनी हे आकडे हलतात, आणि जुनाच कोड उतरवत राहणाऱ्याला ते सगळ्यात उशिरा कळतं.

गेल्या अडीच वर्षांत कोडमुळे आमचा एकही लॉट पलीकडे अडकलेला नाही. दोनदा पेट्या उघडल्या, दोन्ही वेळा कागद आणि मासा जुळले आणि तासाभरात माल सुटला.

सध्या बंदी चालू आहे, १ जून ते ३१ जुलै होड्या किनाऱ्यावर. काल काकांच्या ऑफिसमधून मेसेज आला, नव्या हंगामाच्या लेबलांचे नमुने २० जुलैपर्यंत पाठवा. पाठवले. आज दादाचा फोन आला होता. खरेदीच्या वहीत त्याने यंदा कुप्याचे तीन रकाने आखले आहेत, आणि विचारत होता की टॉन्गॉल लिहिताना ट वर अर्धचंद्र येतो की नाही.